वेग कुणाच्या वाट्याचा?

फायरफॉक्स या ब्राउजरची पहिली पक्की आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली आणि तिच्या पाठोपाठ एक नुस्खा आला. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:कॉन्फिग’ लिहायचं, एंटर मारायचं. समोर शेकडो ओळींची यादी उघडते. त्यात ‘पाइपलाइनिंग’ शोधून ‘फॉल्स’चं ‘ट्रू’ करायचं. जवळच ‘मॅक्सरिक्वेस्ट्स’ असतं, तिथे ३० टाकायचे. मग ‘इनिशियलपेंट.डिले’ नावाची एक नवी ओळ आपणच तयार करायची आणि तिच्यापुढे शून्य ठेवायचं. झालं, ब्राउजर रॉकेट! जगभर फिरत फिरत हा नुस्खा नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरातल्या आणि लातूरच्या ट्यूशन एरियातल्या सायबर कॅफेंपर्यंतही पोचला होता. फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर तो उतरवून घेणारी पोरं होती, आणि मित्राच्या मशीनवर तो करून दिला की मित्राच्या खर्चाने चहा होत असे.

या नुस्ख्याची पुढे जी चिरफाड झाली ती वाचण्यासारखी आहे. ३० हा आकडा निव्वळ दिखाऊ निघाला. त्या जागी आत ८ ची मर्यादा बांधून ठेवलेली होती. तुम्ही ३० टाका नाहीतर ३०० टाका, फायरफॉक्स आठच धरायचा. ‘इनिशियलपेंट’चा प्रकार आणखी मासलेवाईक. मजकूर यायला लागला की तो पडद्यावर मांडण्याआधी ब्राउजर साधारण पाव सेकंद थांबायचा, म्हणजे जरा पुरेसा मजकूर हाती आला की एकदाच नीट मांडता येईल. हे थांबणं काढून टाकल्यावर पान लवकर दिसायला लागे खरं, पण प्रत्येक नवा तुकडा आला की सगळी मांडणी पुन्हा करावी लागे, ओळी वरखाली उड्या मारत, आणि पान पुरं व्हायला उलट जास्त वेळ जाई. तरी पोरं शपथेवर सांगायची की फरक पडला. त्यांचंही खोटं नव्हतं. समोर काहीतरी हलताना दिसलं की थांबणं जड जात नाही, आणि तेवढ्यालाच आपण वेग समजतो.

पाइपलाइनिंगची कल्पना मात्र प्रामाणिक होती. एरवी ब्राउजर एक वस्तू मागतो, उत्तराची वाट बघतो, मग दुसरी मागतो. पाइपलाइनिंगमध्ये तो उत्तराची वाट न बघता चार-सहा मागण्या एकदम पाठवतो. घोळ एवढाच की उत्तरं मागणीच्या क्रमानेच यायला हवीत, असा नियम होता. पहिलंच चित्र जड निघालं की मागचं सगळं अडून बसे. शिवाय वाटेतल्या कित्येक जुन्या सर्व्हरांना आणि प्रॉक्सींना हा प्रकार झेपत नसे, मग भलत्याच जागी भलतं चित्र येई. अखेर २०१५ मध्ये ब्राउजर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांची, म्हणजे एचटीटीपीची, दुसरी आवृत्ती आली. तिच्यात एकाच जोडणीवरून अनेक मागण्या आणि कोणत्याही क्रमाने उत्तरं, अशी सोय मुळातच होती. त्यासाठी कुणाला कुठलं बटण शोधावं लागलं नाही. जून २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५४ व्या आवृत्तीतून पाइपलाइनिंग काढूनच टाकलं गेलं.

इथवरची हकीकत ऐकायला गमतीची आहे. पण लपलेल्या सेटिंगवरचा हा विश्वास निरुपद्रवी नाही, असं मला वाटतं. इंटरनेट हळू का चालतं या प्रश्नाचा जाब तो चुकीच्या माणसाकडे मागतो. ज्याने पान बनवलं, ज्याने सर्व्हर उभा केला, ज्याने अर्जाची शेवटची तारीख ठरवली, ते तिघेही सुटतात आणि खुर्चीत बसून वाट बघणाऱ्याला सांगितलं जातं, की तुझ्याच मशीनमध्ये काहीतरी राहून गेलंय. मराठवाड्याला ही भाषा नवी नाही. पोरगं नापास झालं तर त्याने अभ्यासाचा पॅटर्न नीट पाळला नाही, पीक गेलं तर शेतकऱ्याने वाण चुकीचं निवडलं. प्रत्येक वेळी दोष रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या पदरात.

आधी साधा व्यवहार बघू. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम आणला तेव्हापासून ब्राउजरांची सगळी चढाओढ वेगावर चालली आहे. मिलिसेकंदांसाठी मोठमोठ्या पगाराचे अभियंते रात्री जागवतात. एक ‘फॉल्स’चं ‘ट्रू’ केल्याने ब्राउजर दुप्पट वेगाने चालणार असता, तर तो ‘ट्रू’ त्यांनी पेटीत कुलूप लावून ठेवला असता का? जे खरंच कामाचं असतं ते दोन-चार आवृत्त्यांत सर्वांसाठी आपोआप चालू होतं. वर्षानुवर्षं लपलेलं राहतं ते बहुतेक वेळा अर्धवट, एखाद्याच मशीनला लागू पडणारं, किंवा वापरणाऱ्याला बरं आणि बाकीच्यांना जाचक असं असतं. क्रोमच्या ‘फ्लॅग्ज’ या लपलेल्या सेटिंगच्या पानावर वरच्या बाजूलाच इशारा असतो, की हे प्रयोग आहेत, यात तुमची माहिती जाऊ शकते आणि सुरक्षितता धोक्यात येऊ शकते. फायरफॉक्सने काही वर्षं तर ‘यामुळे तुमची वॉरंटी रद्द होऊ शकते’ अशी चक्क थट्टा करून ठेवली होती. फुकट मिळालेल्या वस्तूची कसली आलीय वॉरंटी!

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. ब्राउजर बनवणाऱ्याचं हित आणि तुमचं हित जिथे फुटून वेगळं होतं, तिथे कामाचं बटण खरोखरच सहज सापडत नाही. जाहिराती ही ती जागा. कुठल्याही मराठी बातमीचं पान स्वस्तातल्या फोनवर उघडून बघा. बातमी असते तीनशे शब्दांची. तिच्याभोवती जाहिराती, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आणि तुम्ही कोण, कुठले, काय बघता याची नोंद ठेवणाऱ्या पाच-पंचवीस बाहेरच्या फाइली. पानांचं वजन मोजणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्हच्या नोंदीत २०१० च्या अखेरीस मध्यम आकाराचं पान पाचशे केबीच्या आत होतं. २०२२ पर्यंत ते दोन एमबीच्या वर गेलं. हे वजन वाहून आणण्यापुरता प्रश्न संपत नाही. त्यातला जावास्क्रिप्टचा भाग फोनला वाचून, समजून चालवावा लागतो, आणि तीन जीबी रॅमच्या फोनचा जीव तिथेच मेटाकुटीला येतो. नेट फाइव्ह-जी असलं तरी.

जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या फाइली अडवणारं ‘यूब्लॉक ओरिजिन’सारखं विस्तारक बसवलं की फरक दिसतो, घड्याळ लावून मोजता येण्याएवढा. पण जाहिरातींवरच पोट असलेली कंपनी असं काही स्वतःहून चालू करून देणार नाही. उलट २०२४-२५ मध्ये क्रोमने विस्तारकांचे नियम बदलले आणि हेच विस्तारक त्याच्यावर चालेनासं झालं. फायरफॉक्सवर ते अजून चालतं, अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्सवरही. गूगलची स्वतःची ‘लाइट मोड’ ही डेटा वाचवणारी सोय मार्च २०२२ मध्ये बंद झाली, कारण काय, तर डेटा आता स्वस्त झाला. त्याच्याही आधी, आपल्याकडे जीपीआरएस रांगत होतं तेव्हा, ऑपेरा मिनी पान आपल्या सर्व्हरवर पिळून अगदी लहान करून फोनला पाठवायचा, आणि यूसी ब्राउजरने तर गावंच्या गावं काबीज केली होती. त्या पिळण्यात तुमचं सगळं वाचन तिसऱ्याच्या हातून जात असे, याची फिकीर तेव्हा कुणाला नव्हती. २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲप बंद केले, त्यांत यूसीही गेला.

म्हणजे सेटिंग शोधूच नये, असं मी म्हणत नाही. शोधायचीच तर कंपनीचा फायदा कशात आहे आणि आपला कशात, हे आधी बघून शोधावी.

आता नुस्ख्याच्या त्या भागाकडे येतो ज्याबद्दल क्वचितच कुणी बोलतं. पाइपलाइनिंगच्या जोडीला आणखी एक ओळ बदलायला सांगत: एका सर्व्हरशी एका वेळी किती जोडण्या करायच्या. १९९९ च्या एचटीटीपीच्या मानकात लिहिलं होतं की ब्राउजरने एका सर्व्हरशी दोनहून जास्त जोडण्या ठेवू नयेत. पुढे ब्राउजरांनी स्वतःच तो आकडा सहाच्या आसपास नेला. नुस्खेवाले तो बत्तीसवर न्या म्हणत. यात गंमत अशी की ही युक्ती खोटी नव्हती. बत्तीस जोडण्या करणाऱ्याचं पान सहा जोडण्यांवाल्याआधी येऊ शके. ते कसं, हे लातूरकराला समजावून सांगावं लागत नाही. नळाला थेट मोटार लावणाऱ्याच्या टाकीत पाणी जास्त पडतं. फक्त ते पाणी शेजाऱ्याच्या नळातलं असतं. आणि गल्लीत सगळ्यांनीच मोटारी लावल्या की कुणालाच जास्त मिळत नाही, वर विजेचं बिल येतं.

लातूरच्या २०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात हा हिशेब शहराने रोज मांडला. मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली जलदूत रेल्वे दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. मांजरा धरण कोरडं असताना कितीही अश्वशक्तीची मोटार पाणी निर्माण करू शकत नव्हती. ती फक्त एवढंच ठरवू शकत होती, की आहे ते कुणाच्या घरात जाईल.

इंटरनेटवर ही गोष्ट एरवी कळत नाही, कारण मोठ्या खासगी सर्व्हरांची ताकद अमाप असते. तुमच्या चार जादा जोडण्या त्यांच्या गावीही नसतात. ती कळते सरकारी सर्व्हरवर, शेवटच्या तारखेला. २८ एप्रिल २०२१ च्या दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ‘कोविन’ या सरकारी संकेतस्थळावर कोविडच्या लसीची नोंदणी खुली झाली. पहिले काही क्षण साइट कोसळली, तरी त्या एका दिवसात सव्वा कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. नंतरच्या आठवड्यांत ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं त्यांनी दर काही सेकंदांनी कोविनला विचारत राहणारे प्रोग्रॅम लिहिले. लशीची जागा दिसली रे दिसली की टेलिग्रामवर घंटी. शेवटी सरकारला एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच विचारणा, अशी मर्यादा घालावी लागली. महाराष्ट्रात शहरातली माणसं गाडी काढून खेड्यातल्या केंद्रावर लस टोचून घेताना दिसली ती याच दिवसांत. केंद्र गावातलं, लस गावाच्या नावाची, आणि गावातल्याला स्लॉट नाही. प्रोग्रॅम लिहिणारे वाईट लोक नव्हते. कित्येकांनी ते इतरांसाठी फुकट खुले केले. पण ज्याच्याकडे टेलिग्राम नाही, त्याच्या घरात ती घंटी वाजलीच नाही.

रेल्वेच्या तत्काळ तिकिटाचं तसंच. दिवाळीत पुण्या-मुंबईहून नांदेडला किंवा लातूरला यायचं असेल तर सकाळी दहाला एसीसाठी आणि अकराला स्लीपरसाठी किती घरांत बोटं माऊसवर टेकलेली असतात, ते काही सांगायला नको. नावं आपोआप भरणारी विस्तारकं, कॅप्चा सोडवणारी सॉफ्टवेअरं, दोन ब्राउजर, तीन फोन. २०२५ मध्ये रेल्वेनेच जाहीर केलं, की तत्काळ उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांतल्या लॉगिनच्या प्रयत्नांपैकी जवळपास निम्मे माणसांचे नसून बॉटचे असतात. अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद केल्याचंही रेल्वेने सांगितलं. १ जुलै २०२५ पासून तत्काळसाठी आधारची पडताळणी आली, आणि सुरुवातीची तीस मिनिटं अधिकृत एजंटांना मनाई झाली. देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेसच्या बर्थ यातल्या कुठल्याही युक्तीने एकाने वाढल्या नाहीत.

आणि पीकविमा. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात विमा आणला. अर्ज आले सुमारे १ कोटी ७० लाख. शेवटची तारीख होती ३१ जुलै. साइटची अवस्था बघून ती ३ ऑगस्टपर्यंत न्यावी लागली. त्या दिवसांत कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट, कुठल्याही तालुक्याच्या गावी मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानात डोकावलं असतं तर चित्र एकच दिसलं असतं. बाकावर सातबारा, आठ-अ, पासबुकाची झेरॉक्स आणि पीकपेऱ्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बसलेली माणसं. काउंटरमागे पंचविशीचा पोरगा, समोर क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्ही उघडे. एकात गट नंबर टाकून पांढरं चक्र फिरतंय. दुसऱ्यात अर्ज पूर्ण झालाय, पैसे गेलेत, पावती निघत नाही. तिसऱ्यात नुसतंच लॉगिन करून ठेवलंय, सुटलं तर सुटलं. मधूनच तो वायफाय काढून मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो, जिओवरून एअरटेलवर जातो, कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबून सगळं साफ करतो, इन्कॉग्निटो उघडतो.

“सर्व्हर घेईना मामा, रातच्याला बाराच्या पुढं या.”

“आरं, बाराला तारीख सरती न्हवं का?”

या प्रश्नाला त्या पोराकडे उत्तर नसतं. पण त्याच्या हालचालींतली एकेक तपासून बघितली तर बरंच कळतं. ब्राउजरची साठवण साफ केल्याने वेग वाढत नाही, उलट कमी होतो, कारण आधी येऊन पडलेली चित्रं आणि फाइली पुन्हा नव्याने आणाव्या लागतात. कधीकधी गुण येतो तो अडकलेलं जुनं लॉगिन सुटल्यामुळे. जिओ सोडून एअरटेल घेतल्याने त्याच सर्व्हरच्या दारापर्यंत दुसऱ्या रस्त्याने जाता येतं. दार बंदच असलं तर काही फरक नाही. तीन ब्राउजर उघडल्याने रांगेत तीन जागा मिळतात, म्हणजे पुन्हा तीच मोटार. रात्री बारानंतर या, हा एकच सल्ला खरा तांत्रिक आहे. तेव्हा गर्दी कमी असते.

त्या पोराला मी दोष देणार नाही. ज्याच्या दारात वीस माणसं बसलीत त्याने मोटार लावायची नाही, असं म्हणायला आपल्याला तोंड नाही. त्याचं ज्ञानही खरं आहे, आणि ते कुठल्याही महाविद्यालयात शिकवलं जात नाही. एके काळी सरकारी निविदा ऑनलाइन भरायची तर जावाची अमुकच आवृत्ती, अमुकच इंटरनेट एक्सप्लोरर, ‘कंपॅटिबिलिटी व्ह्यू’ चालू, पॉप-अपला परवानगी आणि अपवादांच्या यादीत साइटचा पत्ता, हे सगळं जुळून आलं तरच डिजिटल सही उमटत असे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये त्या जुन्या प्लगइनांचा दरवाजा लावून घेतला, एक्सप्लोरर स्वतः १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, तरी कित्येक कार्यालयांत एजच्या ‘आयई मोड’मध्ये त्याचा संसार पुढे चालू राहिला. कंत्राटदारांच्या ऑफिसात ‘सेटिंगवाला’ म्हणून ओळखली जाणारी माणसं याच काळाने तयार केली.

आज त्या जागी अंगठ्याचं यंत्र आलंय. यंत्राचं सॉफ्टवेअर त्याच संगणकावर चालतं आणि सरकारी पान ब्राउजरमार्फत त्याच्याशी बोलतं. ब्राउजर जसजसे सुरक्षिततेबाबत कडक होत गेले तसतसे ते या बोलण्याला आक्षेप घेऊ लागले. मग फ्लॅग्जच्या पानावर जाऊन लोकलहोस्टवरचं अवैध सर्टिफिकेट चालवून घ्या, अमुक बंदी उठवा, असे उपाय व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरतात. काम होतं. फ्लॅग तसाच राहतो, पुढची दोन वर्षं. त्याच मशीनवर, त्याच ब्राउजरात, गावातल्या म्हाताऱ्यांचे पैसे अंगठ्यावर निघतात. हे मला वेगाच्या प्रश्नापेक्षा गंभीर वाटतं. सरकारच्या पानाचं आणि यंत्राचं जुळेना, म्हणून खबरदारीची कडी नागरिकाने स्वतःच्या हाताने काढून ठेवायची, आणि उद्या चोरी झालीच तर ‘तुम्ही काळजी घ्यायला हवी होती’ हे ऐकायलाही त्यानेच उभं राहायचं.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. नांदेड-लातूरच्या ज्या पोरांनी वीस वर्षांपूर्वी अबाउट:कॉन्फिग उघडलं, त्यांच्यातलीच काही पुढे विष्णुपुरीच्या एसजीजीएस अभियांत्रिकी संस्थेतून किंवा आणखी कुठून अभियंते होऊन बाहेर पडली. त्या यादीतली एकेक ओळ वाचताना त्यांना पहिल्यांदा कळलं की पान आभाळातून पडत नाही. ते कुणीतरी मागतं, कुणीतरी देतं, मध्ये नियम असतात. नुस्खा खोटा निघाला तरी कुतूहल खरं होतं. हे मला मान्य आहे, आणि आज सगळं मोबाइलच्या काचेमागे बंद झाल्यावर अशी उघडून बघण्याची जागा पोरांना उरली नाही याची हळहळही वाटते. पण शिकण्यासाठी इंजिन खोलणं वेगळं आणि रस्ता खराब म्हणून प्रत्येक प्रवाशाने इंजिन खोलावं अशी अपेक्षा ठेवणं वेगळं.

काही संथपणा तर कुणाच्याच हातात नसतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. लातूरहून अमेरिकेचा पूर्व किनारा तेरा हजार किलोमीटर धरा. नुसती जाऊन-येऊन एक फेरी १३० मिलिसेकंदांच्या खाली येणं निसर्गालाच मंजूर नाही, प्रत्यक्षात ती दोनशेच्या पुढेच जाते. पान उघडायला अशा अनेक फेऱ्या लागतात. तोच मजकूर मुंबईच्या सर्व्हरवर आणून ठेवला तर फेरी काही मिलिसेकंदांची होते. तो कुठे ठेवायचा हे वाचणारा ठरवत नाही, ठेवणारा ठरवतो.

ठरवणाऱ्यांनी मनावर घेतलं की काय होतं, याचीही उदाहरणं आपल्यासमोर आहेत. १५ जून २०१५ पासून रेल्वेने तत्काळच्या वेळा तोडल्या, एसी दहाला, बाकी अकराला. एका तासाच्या अंतराने एका झुंबडीच्या दोन झाल्या. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता लातूर विभागाची, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिवची पोरं इतर विभागांबरोबर एकाच वेळी तुटून पडतात; पण निकाल आता अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही मिळतो, त्यामुळे पूर्वीइतका जीव टांगणीला लागत नाही. त्याच राज्यात सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या दोन कोटींहून अधिक बायकांना दोन महिन्यांत ई-केवायसी करायला सांगितलं गेलं, ओटीपी येईना, पान उघडेना, आणि १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरवर न्यावी लागली. जन्मतारखेप्रमाणे किंवा जिल्ह्याप्रमाणे आठवडे वाटून दिले असते तर नव्या सर्व्हरशिवायही बराच भार उतरला असता. सरकारच्या हातातली सगळ्यात ताकदवान सेटिंग कॅलेंडर आहे, आणि तिला हात लावायला कुणाला ‘ट्रू-फॉल्स’ यायची गरज नाही.

म्हणून मल्टी सर्व्हिसेसवाल्याने काय करावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर चार ओळींत संपतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला. एवढ्या पैशात एवढा वेग दुसऱ्या कशानेच येत नाही. फ्लॅग्ज एकदा ‘रिसेट ऑल’ करा आणि यंत्रासाठी लागतीलच तेवढे वेगळ्या ब्राउजरात ठेवा, त्या ब्राउजरात दुसरं काही उघडू नका. एरवीच्या वाचनासाठी जाहिराती अडवा. बाकी नुस्खे सोडून द्या.

उरलेलं उत्तर मात्र मुंबईला द्यावं लागेल, कारण तिथे निविदा निघतात. अर्जाचं पान किती वजनाचं असावं, तीन जीबी रॅमच्या फोनवर ते किती सेकंदांत उघडावं, मध्येच जोडणी तुटली तर भरलेला मजकूर राहावा की जावा, मुदतीच्या आत केलेला पण सर्व्हरने नाकारलेला प्रयत्न नोंदला जावा की नाही, या अटी त्या निविदेत लिहिता येतात. अर्धा भरलेला अर्ज जपून ठेवणं हे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने किरकोळ काम आहे. खरेदीच्या दुकानांची ॲप आपली अर्धवट पिशवी महिनोन्‌महिने सांभाळतात. आणि साइट सुरू करण्याआधीची चाचणी मंत्रालयाच्या वायफायवर न करता किनवट किंवा देवणीच्या एखाद्या दुकानात, तिथल्याच मशीनवर, तिथल्याच नेटवर करावी. चाचणी कोणत्या तालुक्यात झाली, कोणत्या फोनवर झाली आणि पान उघडायला किती सेकंद लागले, या तीन गोष्टी संकेतस्थळाच्या तळाशी छापायला जादा निधी लागत नाही. मंत्र्यांचे फोटो छापायला तिथे जागा असते, त्यातली थोडी पुरेल.